कडी लागायच्या आत

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सोलापुरातल्या एका सूतगिरणीत कॉम्प्युटर आला आणि तो माझ्या गळ्यात पडला. माणसांशी माझं फारसं जमत नसे, डोकं पटकन फिरायचं. यंत्राशी मात्र पटायचं. त्याच्या मुळाशी एक प्रोग्रॅम असतो, बाकीच्या प्रोग्रॅमांना जागा आणि पाळी देणारा. त्याला कर्नल म्हणतात. आमच्या कामापुरता बदलून तो मीच बसवला होता. मॅनेजरसाहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग बिघडलं तर कर्नलसाहेबांना कळवायचं कुटं? पुण्याला?"

यंत्रात नोंदी टाइप करायची टर्मिनलं दोन होती. एकावर सुताच्या गाठींची, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यांची आवक, दुसऱ्यावर जावक. दोन्हींची शिल्लक यंत्रातल्या एकाच सामायिक जागेत राहायची. आवकीवर एक बाई बसायच्या. विणकर घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. बोटं अशी पळायची की बघत राहावं! आणि अधूनमधून, कधी ते सांगता यायचं नाही, गोदामात असलेली गाठ यंत्रात नसायची. ठपका आला बाईंवर. लई घाई करते म्हणे.

मला त्यांना वाचवायचं होतं हो, खरंच. म्हणून त्यांच्या हातून चुकत नाही हे दाखवायला साहेबांदेखत चाचणी ठेवली. बाईंना म्हटलं, "दमानं करा. एकेक कळ बघून दाबा, कुणी ओरडणार नाही." बिचाऱ्या जीव मुठीत धरून दमानं करत राहिल्या. बरेच दिवस एकही गाठ हरवली नाही. मी खुशीत साहेबांकडं वळलो.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "दमानं केलं की चुकत न्हाय. म्हणजे आजवर हलगर्जीपणाच हुता की."

बाईंना वाइंडिंग खात्यात धाडलं, दिवसभर उभं राहून तुटलेले धागे जोडायला. त्यांच्या जागी एका बोटानं टाइप करणारा कारकून आला आणि गाठी हरवायच्या थांबल्याच. साहेबांना आणखी काय पुरावा हवा होता?

मला मात्र अन्न गोड लागेना. चुकीचा आकडा तर कधीच पडला नव्हता. अख्खी नोंदच गायब व्हायची. घाईत माणूस पाचाचे सहा करील, पण टाइप केलेली नोंद गिळेल कशी? हे चाचणीआधी सुचायला काय झालं होतं मला?

मग कर्नल ओळीनं वाचायला घेतला. शिल्लक बदलायची तर आधी जागा मोकळी आहे का बघायचं, मग दुसऱ्यानं शिरू नये म्हणून कडी लावायची. मी ही दोन वेगळी कामं लिहिली होती. न्हाणीचं दार उघडं दिसावं आणि कडी लावायच्या आत दुसरा शिरावा, तसं. आवक आणि जावक दोघं एकच जुनी शिल्लक वाचायचे, आणि मागून लिहिणारा पहिल्याची नोंद पुसून टाकायचा. एवढ्याशा फटीत सापडायला बाईंचाच वेग लागायचा. त्या दोन कामांच्या मध्ये मी मुद्दाम थोडं थांबणं घातलं, आणि एका बोटाच्या कारकुनाचीसुद्धा गाठ हरवली. गाढवा, म्हटलं स्वतःला, केलंस काय हे! बघणं आणि कडी लावणं एकत्र केलं, मध्ये कुणी शिरूच नये असं, आणि तडक वाइंडिंग खात्यात गेलो.

तिथल्या आवाजात ओरडूनच सांगावं लागलं, "बाई, चूक तुमची नव्हती! माझी होती, माझ्या प्रोग्रॅमची!"

त्या धागा जोडत होत्या. जोडून झाल्यावर म्हणाल्या, "पण सर, मी घरी कबूल केलं की. सासरे म्हणाले, तुझ्याच हातानं झालं असंल, तर मी म्हटलं व्हय. सगळेच म्हणायला लागले की आपल्यालापण खरं वाटतंय."

"मी साहेबांशी बोलतो. तुमची जागा तुम्हाला परत मिळेल."

"नको सर. तितं बसायचं म्हटलं की एकेक कळ दहादा बघावी वाटतंय आता."

साहेबांना सगळं सांगितलं, चूक कुणाची तेही. ते लगेच म्हणाले, "मग बोलवा की त्यांना." मी दोनदा निरोप धाडला. त्या आल्या नाहीत.