निम्म्या वाट्याची म्हैस

धोंडुबाईला माणसांचा वीट आला तो काही एका दिवसात आला नाही. गावानं त्यासाठी चांगली मेहनत घेतली होती.

शिरोळकडचं गाव हे. चहूकडं ऊस आणि मधे माणसं. धोंडुबाई इथलीच, साठी गाठलेली विधवा बाई, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. नदीकाठचा जमिनीचा तुकडा होता, पण तो पुरात जायचा, त्यामुळं तिचा खरा संसार गोठ्यातच. आणि गोठ्यात होती मोरणी.

मोरणी निम्म्या वाट्याची म्हैस. विकत घेतली होती रत्नाबाईनं, पलीकडच्या गल्लीतल्या महावीर पाटलाच्या बायकोनं, आणि सांभाळायची धोंडुबाईनं. आपल्याकडं हे चालत आलेलंच आहे. एकीचा पैसा, दुसरीचे कष्ट. सकाळचं दूध एकीचं, संध्याकाळचं दुसरीचं. पहिल्या वेताचं रेडकू मालकिणीला, दुसऱ्या वेताचं सांभाळणारीला. कागद नाही, सही नाही, शब्दावर सगळं. पहिल्या वेताला रेडा झाला, तो रत्नाबाईनं विकून टाकला. आता मोरणी दुसऱ्यांदा गाभण होती, आणि रेडी झाली तर धोंडुबाईला जन्मात पहिल्यांदा स्वतःची अख्खी म्हैस होणार होती. शेण काढताना ती मोरणीच्या पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, रेडी दे गं बाई माझे. तेवढंच तिचं मागणं होतं.

पण तेवढ्यात गावाच्या अंगात आलं.

गावची दूध संस्था पहिल्यापासून कपिलधारा दूध संघाला जोडलेली होती. आसपासच्या सगळ्या गावांचं दूध संघाला जायचं, तिथनं कोल्हापूर, पुणं, मुंबई. संस्थेचा चेअरमन सयाजी, धोंडुबाईच्या दिराचा मुलगा. संघाच्या निवडणुकीत त्याला पॅनेलमधे घेतलं नाही आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग काय, एकाएकी त्याला शेतकऱ्याचा कळवळा यायला लागला. संघ आपल्याला लुटतो, संघातनं बाहेर पडू, कर्नाटकातली खाजगी डेअरी लिटरमागं जास्त दर द्यायला बसलीय, आपलं दूध आपल्या मर्जीनं विकू. भर सभेत त्यानं मोबाईल वर धरून सांगितलं की तिकडं इंग्लंड मतदान करून युरोपच्या बाजारातनं बाहेर पडलं, मग आपल्यालाच काय धाड भरलीय? त्याच्या विरोधात उठला आदर्श, रत्नाबाईच्या दिराचा मुलगा. यालाही संघात डायरेक्टर व्हायचं होतं, म्हणून हा संघाचा. त्यानं आपला मोबाईल वर धरला आणि सांगितलं की इंग्लंड आता डोक्याला हात लावून बसलंय. तासभर दोघं इंग्लंडवर भांडले. मोरणीला दोन किलो पेंड जास्त घालायची कुणाची ऐपत नाही, आणि इंग्लंडचं बरंवाईट आमच्या चावडीत ठरत होतं.

शेवटी हात वर करून मतं घेतली. धोंडुबाईनं हात वर केला, कारण सयाजी घरचा. रत्नाबाईनं खाली ठेवला, कारण आदर्श घरचा. थोडक्या हातांच्या फरकानं बाहेर पडायचं ठरलं, फटाके उडाले, आणि दोघी बायका बोलत बोलत एकत्रच घरी आल्या. संघाबरोबर आणखी काय काय जाणार हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. संघाचा जनावरांचा डॉक्टर होता, फोन केला की गाडी घेऊन दारात यायचा. तोही गेला. म्हशीच्या जिवावर जगणारं गाव दर बघण्याच्या नादात म्हशीचा डॉक्टर विसरलं, आणि वर गुलाल लावून घेतला.

पुढं मग व्हायचं तेच झालं. आदर्शनं आपली वेगळी संस्था काढून संघाला जोडली. समोरासमोर दोन केंद्रं, दोन रांगा. सख्खे शेजारी एकमेकांकडं न बघता किटल्या घेऊन जायला लागले. गणपती दोन झाले. हळदीकुंकवाला बायका आधी घरावरचा गटाचा झेंडा बघायच्या आणि मग पायरी चढायच्या. धोंडुबाईला या सगळ्याची शिसारी यायची. मोरणीचं दूध मात्र ती ठरल्याप्रमाणं सकाळी रत्नाबाईच्या नावानं आदर्शच्या केंद्रावर घालायची आणि संध्याकाळी आपल्या नावानं सयाजीच्या. पुढं दिवस भरत आले तशी मोरणी दुधाची आटली, तरी सयाजीची कुरकुर थांबली नाही. व्याल्यावर दोन्ही वेळचं दूध आपल्याकडंच आलं पाहिजे म्हणाला, घरच्या माणसानं इज्जत घालवू नये.

धोंडुबाई म्हणाली, "म्हशीच्या सडांला गट नसतो, सयाजी. चल, बाजूला हो."

आणि एका दुपारी मोरणीला कळा लागल्या.

ऊन कललं तरी सुटका होईना. रेडकाचा एकच पाय दिसत होता, दुसरा आत मुडपलेला. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरची जागा रिकामी होती. धोंडुबाईनं सयाजीला निरोप धाडला, त्यानं सांगितलं, डेअरीचा डॉक्टर निघालाय, काळजी करू नको. तो डॉक्टर कुठनं निघाला होता देव जाणे, कारण तो आजतागायत पोचलेला नाही. रत्नाबाई धावत आली, मोरणीकडं बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. म्हैस तिच्या नावावर आणि ती संघाची सभासद, म्हणून तिनं संघाच्या डॉक्टरला फोन लावला. तो जवळच कुठंतरी होता. गाडी बघता बघता गल्लीच्या तोंडाशी आली.

आली आणि थांबली. पुढं सयाजीची माणसं आडवी उभी. या गल्लीत संघाचं चाक फिरणार नाही, असं म्हणे त्यांचं ठरलेलं. मागनं आदर्श आला आपली माणसं घेऊन. तो तर शहाण्याच्या वर. म्हणाला, डॉक्टर देतो, पण म्हैस बाहेर पडलेल्यांच्या गोठ्यात आहे, तेव्हा धोंडुकाकीनं आधी मोबाईलसमोर एवढंच बोलावं की बाहेर पडून चूक झाली. डॉक्टर गाडीची काच खाली करून म्हणाला, तुमचं आधी मिटवा, मग उतरतो. आणि काच वर केली.

आत म्हैस हंबरत होती. बाहेर दोन्ही गट एकमेकांचे आईबाप काढत होते.

धोंडुबाई गोठ्यातनं बाहेर आली. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. तिला त्या वेळी गट दिसेना, पुतण्या दिसेना. ती आदर्शच्या मोबाईलसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं. बाहेर पडून चुकलं. आत येऊन चुकलं. ह्या गावात जल्माला येऊन चुकलं. आता सोडा त्याला."

तर आदर्श म्हणाला, नीट बोला काकी, हे चालणार नाही. सयाजीला तिच्या बोलण्याचा राग आला आणि त्यानं मोबाईलला हात घातला. झालं, झटापट सुरू.

धोंडुबाई परत वळली. दोघी बायकांनीच मग मुडपलेला पाय सरळ करून रेडकाच्या पायांना दोरी बांधली. रत्नाबाईनं कधी गोठ्यात ओणवं होऊन काम केलेलं नव्हतं, पण तिनं पदर खोचला आणि मोरणीशी बोलत, रडत ओढलं. रेडकू बाहेर आलं. रेडी होती. तिच्यामागनं रक्त आलं ते थांबेचना. डॉक्टर बॅग घेऊन आत आला तेव्हा मोरणीनं मान टाकली होती. त्यानं डोळा बघितला आणि बाहेर जाऊन हात धुतले.

दोघी मोरणीच्या डोक्याशी बसून राहिल्या. रत्नाबाईनं धोंडुबाईच्या खांद्यावर हात ठेवला होता. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

चार दिवसांत चौकात दोन फ्लेक्स लागले. एकावर सयाजी हात जोडून उभा आणि खाली लिहिलेलं, संघाच्या अमानुषपणाचा बळी. दुसऱ्यावर आदर्श हात जोडून उभा आणि खाली, बाहेर पडण्याची फळं. फोटो दोन्हीवर तोच. सयाजीच्या फ्लेक्सवर एकटी धोंडुबाई होती, रत्नाबाईला कापून टाकलेलं. आदर्शच्या फ्लेक्सवर एकटी रत्नाबाई. पण घाईत नीट कापलेलं नव्हतं. धोंडुबाईच्या खांद्यावर बांगड्या भरलेला एक हात तसाच राहिलेला, मनगटापासनं पुढं माणूसच नाही. धोंडुबाई त्या हाताकडं बघत चौकात उभी राहिली. मग तिथंच थुंकली आणि घरी आली.

घरी रत्नाबाई आपल्या गाईचं दूध घेऊन आलेली, रेडीला पाजायला. धोंडुबाई म्हणाली, तुझी म्हैस माझ्या गोठ्यात गेली, तेव्हा रेडी निम्मी तुझी.

"न्हाय अक्का," रत्नाबाई म्हणाली. "दुसऱ्या वेताची तुझी. शब्द हाय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघींनी शिडी नेली आणि दोन्ही फ्लेक्स उतरवले. लोक बघत राहिले.

पुढं डेअरीनं दर पाडला, संघानं दार किलकिलं केलं, आणि वर्षाच्या आतच लागलेल्या संघाच्या निवडणुकीत सयाजी आणि आदर्श एकाच पॅनेलमधे आले. त्याला मनोमिलन म्हणतात. दोघांनी एका ताटात मटण खाल्लं आणि एकमेकांच्या गळ्यात हार घातले. मग गळ्यात हात घालून दोघं धोंडुबाईच्या दारात आले, मागचं विसरा आणि मत द्या म्हणून. रत्नाबाई गोठ्यातच होती. सयाजीनं आवाज खाली घेऊन विचारलं, काकी, ते जुने फ्लेक्स कुठं ठेवलेत? आता बरं दिसत नाही ते, देऊन टाका.

धोंडुबाईनं गोठ्याकडं बोट केलं.

रेडी बसली होती, तिच्या अंगाखाली दोन्ही फ्लेक्स अंथरलेले होते. कडेवर कड अशी चढवली होती की खांद्यावरचा तो हात बरोबर रत्नाबाईच्या दंडाला जाऊन भिडला होता. फोटोतल्या त्या दोघी तेवढ्या कोरड्या होत्या. रेडीचा मागचा भाग होता सयाजी आणि आदर्शच्या तोंडावर, आणि ती तोंडं कुठली कुणाची ते आता शेणामुतात ओळखू येत नव्हतं.

धोंडुबाई म्हणाली, "न्यायचं असलं तर न्या. पण धुऊन तुमचं तुम्हीच घ्या, आमी हात लावणार न्हाय."

दोघं नाकाला रुमाल लावून उभे राहिले. फ्लेक्स कुणीच उचलला नाही. रत्नाबाईनं रेडीसमोर पेंडीची पाटी सरकवली.