डिझेल पेटेना

हसायचं ते आधीच हसून घ्या, म्हणजे मला सांगताना लाज कमी वाटेल.

तेव्हा मी अंबरनाथच्या एका कारखान्यात नवा लागलो होतो. सुट्टीत बदलापूर गावात मामाकडे जायचो. मामाची भाताची गिरणी, डिझेल इंजिनवर चालायची. एका सकाळी इंजिन काही केल्या सुरू होईना. ठकूबाई मुलीच्या लग्नाचं भात घेऊन आदल्या संध्याकाळपासून बसलेली, तिचा चेहरा रडवेला.

मॅट्रिकला सायन्स घेतलेला गावात मी एकटा. मामाला म्हटलं, तेलातच खोट आहे, आत्ता सिद्ध करतो.

तीन बशा मांडल्या. पहिलीत पेट्रोल. काडी जवळ नेली मात्र, भक्कन जाळ झाला आणि माझी डावी मिशी गेली. दुसरीत रॉकेल. त्यानं चार काड्या खाल्ल्या, मग नाइलाजानं पेटलं. तिसरीत आपलं डिझेल. त्यात काडी पडली आणि चुर्र करून विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

झालं. मी निकाल दिला, यात पाणी आहे.

डिझेलचा डबा सायकलला बांधून थेट उल्हासनगर गाठलं. तेल विकणारे सिंधी काका शांतपणे बसले होते. भर बाजारात मी त्यांना भेसळखोर ठरवलं, वर अर्धी मिशी पुरावा म्हणून दाखवली. माणसं जमली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साईं, इंजिन में माचिस कहाँ लगाते हो?"



मग त्यांनीच समजावलं. डिझेलला काडी लागत नाही. इंजिन हवा इतकी दाबतं की ती भयंकर तापते, त्यात तेल उडालं की आपोआप पेटतं. पेट्रोलला ठिणगी लागते, याला दाब. एवढं सांगून ते स्वतःच म्हणाले, चला, इंजिन बघतो. डबा मांडीवर घेऊन ते कॅरियरवर बसले. बदलापूरपर्यंत पायडल मी मारलं.

गिरणीत येऊन काकांनी टाकीखाली हात घातला. तेलाचा कॉक, म्हणजे नळीची चावी, बंद होती. ती उघडली, नळीतली हवा काढली, हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं.

मला जोर चढला. मी म्हटलं, "कॉक बंद करणारा कोण अडाणी आहे?"

ठकूबाई भात ओतता ओतता म्हणाली, "काल सांजच्याला तुमीच फिरवलात नव्हं? तेल ठिबकतंय म्हनलात."