रुडीने न दिलेली रायफल

माझा नवरा रुडी साल्मेला लोखंडाच्या खाणीत वेल्डर होता. बोलायला कमी, पण वस्तूंच्या बाबतीत फार चिकित्सक. एकदा हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणायला गेला आणि रायफल घेऊन घरी आला. तिथे फावड्यांच्या शेजारी एका पिंपात जुन्या लष्करी रायफली उभ्या करून ठेवल्या होत्या, त्यातलीच एक. हरणाच्या शिकारीला होईल म्हणाला. घरी पुसून बघतो तर नळीवर छोट्या चौकटीत फिनलंडच्या लष्कराचा शिक्का. रुडीचे वडील तिथून बोटीने इकडे अमेरिकेत, मिशिगनला आले होते. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच राहिला आणि रशियाशी झालेल्या हिवाळी युद्धात विसाव्या वर्षी गेला. त्या दिवसापासून रुडीचं शिकारीतलं लक्ष उडालं. सरकारी परवाना काढून तो बंदुकांच्या जत्रांमधून फक्त त्या शिक्क्याच्या रायफली शोधायला आणि जास्तीच्या विकायला लागला.

वीस वर्षांत सदतीस जमल्या. आमच्या तळघरात त्या रांगेत उभ्या असत, पण एकीतही बोल्ट, म्हणजे गोळी आत सारून झाडणारा मागचा दांडा, नसे. बोल्ट काढून, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधून, ते कामाच्या टेबलाच्या पोलादी खणात ठेवलेले. खणाची किल्ली रुडीच्या गळ्यात. "बोल्टाशिवाय ती नुसती काठी," तो म्हणायचा.

वायनो केटुनेन समोर राहायचा. काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक त्याने तीस वर्षं चालवला. त्याच्याकडेही तसलीच एक रायफल होती. ती त्याने रुडीला दिली आणि बदल्यात होडीची मोटर घेतली. दोघांची मैत्री म्हणजे दिवसभर एकमेकांना टोमणे मारणं. ऑक्टोबरात वायनोची बायको हिल्या गेली. अंत्यविधीनंतर त्यांची मुलगी मार्लिस बापाच्या शिकारीच्या बंदुका गुपचूप गाडीत घालून ग्रीन बेला, तिच्या घरी, घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "एल्मा मावशी, जरा लक्ष ठेवा."

मार्चमधला मंगळवार. सकाळचे दहा वाजले असतील. मी पेस्टीचं, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजायच्या मोठ्या करंज्यांचं, पीठ मळत होते. मागच्या दारात वायनो उभा. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. हातात त्याची लाकूड कापायची करवत, मोटरवाली.

"रुडी, ही तुला," तो म्हणाला. "तुझी नेहमी बंद पडते."

"आणि तू काय दातांनी लाकडं फोडणार?"

"मला आता लागायची नाही."

बाहेर कमरेएवढा बर्फ होता. अजून सहा आठवडे चूल पेटती ठेवायची होती. आमच्या भागात माणूस गाडी देईल, पण मार्चमध्ये करवत देणार नाही. मी पिठातले हात तसेच ठेवून रुडीकडे बघितलं. तो करवतीकडे बघत होता.

"माझी ती रायफल दे जरा," वायनो म्हणाला. "एकदा चालवून बघतो. बरीच वर्षं झाली."

"काडतुसं किती देऊ?" रुडीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एक पुरे."

रुडीने करवत त्याच्या हातातून घेऊन भिंतीला टेकवली. मग रुडी म्हणाला, "चल खाली. पण आधी ग्रीस काढावं लागेल. मी ती परत ग्रीस भरून ठेवलीय."

हे खोटं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. जत्रेत एका विधवेला तिने रायफलीची किंमत कमी सांगितली म्हणून स्वतःहून जास्त पैसे देणारा माणूस तो.

दोघं खाली गेले. पाच मिनिटांनी रुडी उकळतं पाणी न्यायला वर आला. किटली उचलता उचलता कानाशी म्हणाला, "मार्लिसला फोन लाव. आणि याच्या ट्रकची किल्ली खुंटीवरच्या कोटाच्या खिशात आहे, ती काढून घे."

मी किल्ली पिठाच्या डब्यात टाकली. मार्लिसला फोन लावून एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी निघालेय. चार तास लागतील. त्यांना घरी जाऊ देऊ नका. काय वाट्टेल ते करा."

आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीत गरम हवेची जाळी आहे. तळघरातलं बोलणं तिथून वर येतं. मी जाळीजवळ गुडघे टेकून बसले. खाली चिंध्यांचा आवाज, गरम पाण्याचा आवाज. लष्करी ग्रीस मेणासारखं चिकट. लाकडाच्या दस्त्यात मुरलं की काढता काढता दिवस जातो. रुडीला तोच दिवस हवा होता. पेटीतली एक न उघडलेली रायफल त्याने वायनोपुढे ठेवली होती.

अर्धा तास गेला असेल. चिंध्या थांबल्या.

"ही माझी नाही," वायनोचा आवाज. "माझीच्या दस्त्यावर कुऱ्हाडीचा व्रण होता."

"होता ना."

"मग मला काय कुक्कुलं बाळ समजलास? माझी आण. आणि बोल्ट कुठाय?"

"खणात."

"किल्ली दे."

"नाही."

"माझी वस्तू आहे ती, रुडी."

"होती. मी मोटर दिलीय तिच्याबदल्यात."

"मोटर परत देतो."

"ती तू पाचव्या दिवशी तळ्यात बुडवलीस, गाढवा."

एरवी यावर दोघं हसले असते. खुर्ची सरकली. वायनो उठला असणार. तो रुडीपेक्षा वीतभर उंच आणि दीडपट जाड. मग रुडीचा आवाज आला, अगदी हळू, पण शब्दन् शब्द ऐकू आला.

"वायनो, जीव द्यायला मागतोयस का?"

घर तापवायची भट्टी सुरू झाली, बंद झाली.

"मला झोप येत नाही," वायनो म्हणाला. "हिल्या बाजूला नाही, तर अंथरुणात काय करायचं असतं तेच मला कळत नाही. हो. त्यालाच मागतोय. दे आता."

"नाही देणार. आज नाही, उद्या नाही. कधीच नाही."

मग धडपड, आणि टेबलावर काहीतरी आपटलं. मी जिना कसा उतरले आठवत नाही. रुडी खाली बसला होता, भुवईतून रक्त गळत होतं, गळ्यातली किल्ली त्याने मुठीत आवळून धरली होती. वायनो त्याच्यासमोर उभा, दोन्ही हात ग्रीसने पिवळे, आणि त्या हातांकडे असा बघत होता की ते दुसऱ्याच कुणाचे असावेत.

"मी ढकललं फक्त," तो मला म्हणाला. "एल्मा, मी नुसतं ढकललं गं."

माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, "हात धुवा दोघंही. पेस्टी ओव्हनमध्ये आहेत." ओव्हनमध्ये काही नव्हतं. त्या दिवशी आमच्या घरात दोघं खोटं बोलले.

पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही. रुडीच्या भुवईला पट्टी. वायनो खिडकीशी. दोनदा तो उठला, कोट चाचपला, किल्ली सापडली नाही, परत बसला. संडासात गेला तेव्हा रुडी दाराला पाठ लावून उभा राहिला.

"आतही येणार का?" वायनो आतून ओरडला.

"बोलव, येतो."

पेस्टी झाल्या तेव्हा त्याने एक खाल्ली, पूर्ण. मार्लिसची गाडी आली तसा तो समजला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू फोन केलास." मी हो म्हटलं. मग तो गाडीत जाऊन बसला, निरोप न घेता. मार्लिसने त्याला थेट इस्पितळात नेलं. पाच आठवडे तो तिथे होता.

परत आला तो रागातच. सहकारी भांडाराच्या कॉफीच्या टेबलावर सांगत सुटला की साल्मेलाने माझी रायफल हडपली. खरं कारण त्याला सांगता येत नव्हतं, आणि रुडी सांगणार नव्हता. बंदुकांच्या जत्रेत एका जुन्या गिऱ्हाइकाने रुडीला तोंडावर विचारलं, "काय रे, मित्राचा माल दाबलास म्हणे?" ज्याने आयुष्यभर खोट्या नंबराची एक रायफल विकली नाही त्या माणसाला ते किती लागलं, मी बघितलं. मी म्हटलं, सांगून टाक ना एकदाचं. तो म्हणाला, "म्हणू दे चोर. म्हणायला तो आहे ना."

दीड वर्ष समोरासमोर घरं असून बोलणं नव्हतं. मग एका शनिवारी आमचा सौना, वाफेने अंघोळ करायची खोली, तापलेला असताना वायनो टॉवेल खांद्यावर टाकून आला, वरच्या फळीवर बसला आणि तापलेल्या दगडांवर इतकं पाणी ओतलं की रुडी खोकत बाहेर पळाला. माफी-बिफी कुणी मागितली नाही. त्यानंतर दर शनिवारी येत राहिला, सात वर्षं, आणि शेवटी हृदयविकाराने गेला.

पण तोंडातून न निघालेली गोष्टही गावात पोचते. त्या हिवाळ्यानंतर अधूनमधून कुणीतरी दुपारचं मागच्या दारी येतं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली बंदूक घेऊन. मध्यंतरी एकजण म्हणाला, "थोडे दिवस ठेवशील?"

"किती दिवस?" रुडीने विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," रुडी म्हणाला, "बस, कॉफी घे," आणि बंदूक खाली नेली.