साहेब येणार म्हणून धुतलेली गाडी

समस्त नाशिककर मित्रहो, माझ्या गाडीच्या खिडकीला काच नाही आणि तरीही देश बिनदिक्कत चालू आहे, हे मी अत्यंत जड अंतःकरणाने नोंदवतो.

परवा पंचवटीत कुणीतरी काचेवर दगड घातला. आज विम्याचे सर्व्हेअर पाहणीला आले. ‘साहेब येणार’ एवढं ऐकून आईने सकाळीच गाडी धुतली आणि काचेचा कण न् कण वेचून घंटागाडीत टाकला.

साहेबांनी रिकाम्या चौकटीतून हात फिरवला. “काच फुटली, की तुम्हीच काढून ठेवलीत? मी लिहायचं काय?”

आईने चिंधी बांधलेलं बोट पुढे केलं. “फुटलीच हो! हे बघा, वेचताना लागलं.”

“काकू, बोटाचा विमा वेगळा असतो.”

मग दोन डिश पोहे खाऊन, ‘पुरावा नाही’ असं लिहून साहेब गेले.

“माझ्यामुळे झालं रे,” आई म्हणाली आणि जेवलीच नाही.

विमा कंपनीकडून कॅलेंडर सोडून कुणाला कधी काही मिळालंय का? असल्यास कळवा, तुमच्या दर्शनाला येतो.

दुपारी मुंबई नाक्यावर खिशातले पैसे देऊन काच बसवून घेतली. घरी येऊन म्हणालो, “क्लेम मंजूर झाला गं आई. वाढ आता, दोघांनाही.”