गठ्ठ्यातला मधला नग

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. तोंडावर अर्थातच ताई. तयार कपडे तपासण्याचं तिचं काम, आणि तिच्या नजरेतून सुटलेला टाका अजून जन्माला यायचा होता. शर्ट टेबलावर आला की ती आधी तो उलटा करी. शिवणकामावरच्या नव्या मुली हसत, तेव्हा ती म्हणे, "सुलट बाजू कुणीही नीट शिवतं गं. ती गिऱ्हाइकाची. आतली बाजू माझी."

तिचा दुसरा नियम याहून कडक होता. शंभर नगांचा गठ्ठा आला तर वरचा नग ती हातात घेत नसे. वरचा नग माल आणणाऱ्याने निवडून, इस्त्री फिरवून ठेवलेला असतो, आणि त्यावरून बाकीच्या नव्व्याण्णवांचं काहीच कळत नाही. ती गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून मधला नग ओढून काढी. अकरा वर्षांत एकदाही तिने हा नियम मोडला नव्हता. मोडला तो स्वतःच्या पोटच्या पोरीच्या वेळी. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही उगाच नाही.

पोरगी तीन वर्षांची. घरात तिचं नाव भिंगरी, कारण ती बसत नसे. जेवायची ती फिरत, बोलायची ती उड्या मारत, आणि झोपेतसुद्धा उशाकडची पायथ्याला जायची. तिच्या मागे पळण्याचं काम आजीचं, म्हणजे घारीच्या आईचं होतं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. पंधरा पंधरा दिवस त्याचा फक्त आवाज घरी यायचा. असं सगळं बरं चाललं होतं. मग एका गुरुवारी आजी न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. धाकटा भाऊ येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला. घारीच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात मोठ्या ऑर्डरची घाई होती. सुपरवायझरने चार दिवसांची सुट्टी दिली आणि वर बजावलं, "सोमवारी आला नाहीत तर तुमच्या टेबलावर दुसरं कुणी बसेल. मला तरी कुठे इलाज आहे?"

म्हणजे चार दिवसांत पाळणाघर शोधायचं होतं. तिने दोन पाहिली.

पहिलं एका निवृत्त नर्सबाईंचं, त्यांच्या राहत्या घरात. घार न सांगताच गेली होती, तरी दार उघडंच होतं. आत जत्रा भरली होती. एक मूल टेबलाखाली, एक टेबलावर. भिंतीवर खडूच्या रेघा, कोपऱ्यात ओलं फडकं, त्याला मुताचा वास. एक पोर नर्सबाईंच्या खांद्यावर भोकाड पसरून रडत होतं आणि त्या त्याला थोपटत तसंच घारीशी बोलत होत्या. बोलत कसल्या, उलटतपासणीच घेत होत्या. "झोपताना काय लागतं तिला? कशाला घाबरते? रागावली की काय करते?" घारीला वाटलं, मी यांना बघायला आले की या मला?

"आमच्याकडे पाच मुलांमागे एक बाई," नर्सबाई म्हणाल्या. "आम्ही तिघी, मुलं पंधरा. सध्या चौदा आहेत, एक जागा आहे. विचार करा. आणि पुन्हा बघायचं असेल तर केव्हाही या, सांगून यायची गरज नाही."

बाहेर पडताना घारीच्या चपलेला मुलांच्या खेळातली चिकणमाती लागली होती. तिच्या डोळ्यांना सगळीकडे नुसते लोंबणारे धागे दिसले. आतली बाजू कुणीतरी आपणहून उलटी करून समोर धरली होती, आणि हिने त्यात दोष काढले!

दुसऱ्या ठिकाणी काचेचं दार होतं. फोन करून वेळ घ्यावी लागली. सकाळी अकराची मिळाली. मॅडम हसतमुख होत्या. फरशीत तोंड दिसत होतं. दहा मुलं रांगेत उभी राहून हातवारे करत गाणं म्हणत होती, एकाचंही नाक वाहत नव्हतं. भिंतीवर रोजचं वेळापत्रक, त्याखाली कॅमेरा.

"तुमची फार पळापळ करते का? काळजी करू नका," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवसांत शिस्तीला लागते. फक्त एक करायचं. अधूनमधून यायचं नाही. आई दिसली की मुलं रडतात, मग बाकीचीही रडतात. सोडायला आणि न्यायला दारापर्यंतच."

घारीला ते पटलं. पटणारच, सोमवार दोन दिवसांवर होता. मुलं एकूण किती आणि सांभाळणाऱ्या बाया किती, हे तिने विचारलंच नाही. मागच्या खोलीचं दार बंद होतं, ते उघडायला सांगितलं नाही. वरचा नग बघितला आणि माल पास केला.

पहिले चार दिवस भिंगरी काचेच्या दाराशी ओरडून रडली. पाचव्या दिवशी रडली नाही. घारीने मनातल्या मनात हात जोडले. दुसऱ्या आठवड्यात पोरगी एका जागी बसून जेवायला लागली. शेजारीण म्हणाली, "काय गुणी झालीय हो तुमची! आमच्या दांडगोबालाही घाला बाई तिथे." फोनवर नवराही खूश झाला. घारीला मात्र घर कसंतरीच वाटे. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वयंपाक करताना भांड्यांचा आवाज ऐकू येत होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी ती भाजी चिरत होती. भिंगरी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. एका फरशीवर, बरोबर मधोमध, मांडी घालून, पायाची बोटं आत ओढून, म्हणजे चारही बाजूंच्या रेघांना कुठेच स्पर्श होणार नाही. घारीने हाक मारली, "ये गं, गाजर घे." पोरीने गाजराकडे बघितलं आणि जागची हलली नाही. मग फरशीवर ओघळ आला. पोरगी बसल्या जागी ओली झाली होती आणि तरी उठली नव्हती.

"अगं, सांगायचं ना! शू आली तर उठायचं ना राणी?"

"उठायचं नाही," भिंगरी हळूच म्हणाली. "उठ म्हटल्यावर उठायचं."

घारीने तिला पुसलं, कपडे बदलले, छातीशी धरलं. पोरगी थकली असेल, एवढंच असेल, असं तिने स्वतःला समजावलं. सकाळी तिला पुन्हा त्याच काचेच्या दारात सोडून ती कामावर गेली. हे ती स्वतःला पुढे कधी माफ करू शकली नाही, आणि मी तिला कितीही ओळखत असलो तरी तिच्या बाजूने काय बोलावं ते मलाही सुचत नाही.

दुपारी बाहेरच्या शिवणवाल्याचा माल आला. त्याने वरचा शर्ट उचलून अदबीने पुढे केला. "बघा ताई, एक नंबर काम आहे."

"वरचा नको," घार सवयीने म्हणाली. "मधला काढ."

आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. चुलीवरचं दूध उतू जावं तसं सगळं एकदम वर आलं. अकरा वाजताची वेळ. रांगेतली दहा मुलं. बंद दार. तिने गळ्यातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली.

"ताई, माल आज संध्याकाळी जायचाय," सुपरवायझर आडवा आला. "आत्ता गेलात तर उद्या येऊ नका."

"माझी मुलगी..." ती म्हणाली आणि निघाली.

काचेच्या दाराशी बसलेल्या मुलीने विचारलं, "वेळ घेतलीय का?" घार तिच्या अंगावरून आत घुसली आणि मागच्या खोलीचं दार तिने उघडलं.

कुणी कुणाला मारत नव्हतं. कुणी रडत नव्हतं. जमिनीवर एकेका फरशीवर एकेक मूल बसलं होतं, मध्ये एकेक फरशी रिकामी. मोजायची सवय, तिने एका नजरेत मोजली. सव्वीस. खुर्चीवर एक बाई मोबाईल बघत होती. खोलीत सव्वीस मुलं, आणि ऐकू येत होतं ते फक्त बाईच्या मोबाईलमधलं गाणं. तिसऱ्या ओळीत भिंगरी होती.

"भिंगरे! चल, ये."

पोरीने आईला पाहिलं. तिचा चेहरा उजळला. पण ती उठली नाही. तिने आधी खुर्चीवरच्या बाईकडे पाहिलं.

"जा, ऊठ," बाई म्हणाली. तेव्हा ती उठली.

मॅडम मागून आल्या होत्या. त्यांचं हसू अजून जागेवर होतं. "बघा ना, किती शांत आहेत सगळी! तुम्ही मात्र उगाच गोंधळ घातलात." घार पोरीला कडेवर घेऊन दाराकडे वळली. शिव्या तिला भरपूर येत होत्या, पण पोर ऐकत होतं.

ती थेट नर्सबाईंच्या घरी गेली. दार उघडंच होतं, आरडाओरडा तोच, वासही तोच. तिला रडू आलं ते त्या वासानेच.

"ती एक जागा..." ती म्हणाली.

नर्सबाईंनी तिच्याकडे आणि कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. "अगं, ती त्याच आठवड्यात गेली."

घारीने पदर पसरला. अक्षरशः पसरला, ओढणी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. म्हणाली, एक जास्त घ्या, कोपऱ्यात बसेल, माझी मुलगी अजिबात त्रास देत नाही हो आता. ते 'आता' तिच्या तोंडून निघालं आणि ती स्वतःच थबकली.

नर्सबाईंचे डोळे भरले, पण मान हलली ती नकारार्थीच. "आज सोळावं घेतलं की उद्या सतरावं येईल, त्याचीही आई अशीच रडत येईल. मग तुम्ही जिथून आलात आणि हे घर यांत काय फरक राहिला? कुणी गेलं की पहिला फोन तुम्हाला. शपथ घेते. पण कधी, ते नाही सांगता येणार."

हेच तर आपण शोधत होतो, घारीला कळलं. नाही म्हणणारी बाई. चार दिवसांत सापडली होती आणि हिनेच तिला नापास केलं होतं. आता उद्यापासून टेबल नाही, आई भावाच्या घरी खाटेवर, नवरा कुठल्या तरी हमरस्त्यावर. घार उंबऱ्यात मटकन बसली.

"पाणी पिऊन जा," नर्सबाई म्हणाल्या. "आणि तिला सोडा की खाली. खेळू दे घटकाभर."

घारीने भिंगरीला खाली ठेवलं. समोर पंधरा मुलं धुडगूस घालत होती. एकाने येऊन तिच्या हातात लाकडी चमचा कोंबला आणि तो पळाला. भिंगरी जमिनीकडे बघत होती. पुढे बघितलं, मागे बघितलं, वाकून बघितलं. जुनं घर ते, जमीन सिमेंटची. सगळी एकसंध, एकही रेघ नाही.

"आई, माझी फरशी कुठाय?"

"इथे फरश्या नाहीत बाळा," नर्सबाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "इथे कुठेही बसायचं. कुठेही उभं राहायचं."

भिंगरीने पुष्कळ विचार केला.

"कुठेही म्हणजे कुठे?" तिने आईला विचारलं.

घारीने हात फिरवून सगळी खोली दाखवली. भिंगरी चमचा हातात घट्ट धरून, दोन्ही पाय जुळवून, होती तिथेच उभी राहिली.