अमीनाबी आणि कोळशाची शेगडी

अमीनाबी कुठल्याही घरी बाळंतिणीकडे गेली, की आधी बाळाकडे बघत नसे. सरळ खिडकीपाशी जाई, फटींत कोंबलेल्या चिंध्या उपसून काढी आणि एक झडप उघडी. "ऊब द्या, पण कोंडू नका," हे तिचं ठरलेलं वाक्य. जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत ती सुईण म्हणून जायची आणि बहुतेक सासवा या एका गोष्टीसाठी तिच्यावर रागावलेल्या असायच्या.

माझ्या सासूबाईही त्यातल्याच. सन पस्तीसच्या पौषात मला मुलगी झाली. त्या वर्षी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेवर, धुणं धुताना बायकांची बोटं वळत नसत. माझ्या बाजेखाली कोळशाची शेगडी सतत असे. अमीनाबी सकाळी न्हाऊमाखू घालायला येई, खिडकी उघडी. तिची पाठ फिरली की सासूबाई ती लावून घेत. बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं, असं त्यांना वाटे. ते मायेपोटीच होतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी शेगडीत नवे कोळसे घातले आणि दार ओढून घेतलं. माझं डोकं ठणकू लागलं. मग विलक्षण झोप आली. मुलीला जवळ घ्यावं असं वाटत होतं, पण हात उचलेना.

पुढचं मला सासूबाईंनीच सांगितलं. अमीनाबी आली ती दारातच थबकली. तिने उघड्या हाताने तापलेली शेगडी बाहेर ओढली, खिडकी सताड उघडली आणि मुलीला उचलून ओसरीवर नेलं. मुलगी निपचित होती. सासूबाई घाबरून तिला परत आत न्यायला निघाल्या, तेव्हा अमीनाबी मुलीची पाठ चोळत म्हणाली, "माई, थंडीला दुलई आहे. कोळशाच्या वाफेला काय आहे? तुम्ही पोरीच्या आईला बाहेर आणा." मुलगी आधी कण्हली, मग रडली.

मला भान आलं तेव्हा सोवळ्यात जन्म काढलेल्या माझ्या सासूबाई अमीनाबीचा भाजलेला तळवा मांडीवर घेऊन त्याला लोणी लावत होत्या.

पुढे एकदा तिला विचारलं, दारातूनच कसं कळलं तुम्हाला? ती एका हाताने माझ्या पाठीला तेल लावत होती. "माझी मुलगी जुबेदा अशीच गेली, लेकरासकट," ती म्हणाली. "ती शेगडी मीच पेटवली होती, बेटी. दारही मीच लावलं होतं." हात थांबला नाही. थोड्या वेळाने मला कूस बदलायला सांगितलं.

चार वर्षांनी ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मुलीला घेऊन मी पहिल्यांदाच तिच्या घरी गेले. एकच खोली, खिडकी नाही. सून ओली लाकडं फुंकत होती आणि अमीनाबी खोकत होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी धुराचं की कसलं, कळेना. "भाड्याची खोली आहे," ती ओशाळून म्हणाली. "मालक भिंतीला हात लावू देत नाही."

माझ्या यजमानांनी मालकाशी वाद घालून चुलीवरची दोन कौलं काढून घेतली. आठवड्याने गेले तर धूर वर जात होता, पण तिच्या छातीत आता काही उरलं नव्हतं. तिने माझ्या मुलीला जवळ बसवलं, तिच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"साफ आहे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती गेली.