ड्युटी उठली तर

दादा दिवसा कधी फोन करत नाहीत. दादा म्हणजे माझे वडील. मुलगी कॉलेजात शिकवते, तिचा तास मोडायला नको, ही त्यांची शिस्त. त्यामुळे त्या दुपारी स्टाफरूममध्ये फोनवर त्यांचा नंबर दिसला, तेव्हा आईला काही झालं की काय असंच मला वाटलं.

"घरचं समदं ठीक हाय," ते म्हणाले. "शनिवारी ये. लोकांना तुझ्याशी बोलायचंय. ते ड्युटीचं."

मी नाशिकला अर्थशास्त्र शिकवते. माहेर वणीच्या बाजूला, एका लहान गावात. गावाच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे आणि त्याच्या उतारावर व पायथ्याशी आमची बाग. मी शाळेत असताना दादांनी खाण्याच्या द्राक्षांचे वेल काढून वाइनची द्राक्षं लावली, तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं होतं. बारीक मणी, जाड साल, आत बिया. असला घड कुणी हातात घेईना. दादांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, तर म्हणाले होते की याला पाखरंसुद्धा विचारायची नाहीत. पुढे त्याच तात्यांनी आमच्याकडून लावायला काड्या नेल्या, आणि आता निम्मं गाव वाइनचीच द्राक्षं पिकवतं. नाशिकजवळची एक कंपनी ती घेते. काही वर्षांचं ॲग्रीमेंट होतं, भाव आधीच ठरतो, त्यामुळे तोडणीच्या वेळी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

त्या वर्षी ॲग्रीमेंट नव्यानं व्हायचं होतं. नेमकी तेव्हाच बातमी आली, की एका परदेशाशी आपला व्यापार करार होतोय आणि तिकडच्या वाइनवरचं आयात शुल्क, गावाच्या भाषेत ड्युटी, उतरणार आहे. कंपनीत खरेदी बघणारे साहेब गावात येऊन सांगून गेले, की आता बाहेरच्या बाटल्या स्वस्त होतील, आपला माल गोदामात पडून राहील, तेव्हा जुना भाव देणं परवडणार नाही. विचार करा आणि कळवा.

शनिवारी मारुतीच्या मंदिराच्या मंडपात सगळे बागायतदार जमले होते. बहुतेकांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. तात्यांनी विषय काढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ड्युटी उठली तर इथला द्राक्षवाला संपला, असं मी लिहून द्यावं. त्याखाली सगळे सह्या करतील आणि ते निवेदन वर दिल्लीपर्यंत पाठवतील. प्रोफेसरबाईंनी लिहिलंय म्हटल्यावर वजन पडेल.

"तात्या, मी लिहीन," मी म्हटलं. "पण आधी बघीन, मग लिहीन. आणि जे दिसेल तेच लिहीन."

मंडपात चुळबुळ झाली. कुणीतरी मागून म्हणालं, मग बाहेरच्याच माणसाला सांगितलं असतं. दादा खांबाला टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "बघू द्या तिला."

अशी कामं मी आधीही केली होती. शुल्क कमी झालं तर आयात किती वाढेल, कुणाचा फायदा, कुणाचा तोटा, यावरच माझी पीएचडी. पण त्या तक्त्यांत 'उत्पादक' नावाचा एक रकाना असायचा आणि तो मी आकड्यांनी भरायची. या वेळी त्या रकान्यात कोण बसलंय ते मला ठाऊक होतं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणी नुकतीच शेजारची जमीन घेतलीय, कुणाचा मुलगा नोकरी सोडून बागेत परत आलाय, सगळं.

आधी कराराची परिशिष्टं वाचून काढली. त्यात पहिली गोष्ट कळली, की ड्युटी एका दिवसात उठणार नव्हती, दरवर्षी एकेक पायरी उतरणार होती. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सवलत सगळ्याच वाइनला नव्हती. एका ठराविक किमतीच्या वरच्या बाटल्यांनाच ती मिळणार होती. त्याखालच्या स्वस्त वाइनवरची ड्युटी होती तशीच राहणार होती. आणि बाटली जितकी उंची, म्हणजे महागडी, तितकी सवलत मोठी.

मग आमच्या गावची द्राक्षं कोणत्या बाटलीत जातात आणि ती बाटली दुकानात कुणाशेजारी उभी असते, हे बघायचं होतं. त्यासाठी मी गंगापूर रोडवरच्या वाइन शॉपमध्ये गेले. सुती साडी, खांद्याला कॉलेजची पिशवी, आणि मी फोनवर किमती टिपतेय. दुकानदाराला वाटलं, मी एक्साइज खात्याची. त्यानं लगबगीनं खुर्ची मागवली, चहा मागवला. खरं काय ते सांगितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो मोकळेपणानं बोलायला लागला. बाहेरच्या बाटलीवर बंदरात ड्युटी बसते, मग राज्याचा कर, मग वितरकाचा वाटा, मग त्याचा स्वतःचा. त्यातली पहिली थप्पी उतरली तरी बाकीच्या तशाच राहतात, तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं तितकी बाटली स्वस्त होणार नाही. आम्ही बोलत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील दुकानात शिरले. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना. दोघांनी नमस्कार केला आणि दोघंही अगदी गंभीरपणे वेगवेगळ्या फळ्यांकडे बघत राहिलो.

रविवारी कंपनीच्या वायनरीत जाऊन, तिथे वाइन चाखायला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांशी बोलले. परदेशी बाटली जरा स्वस्त झाली तर तुम्ही काय घ्याल, एवढाच प्रश्न. पांढरी, हलकी वाइन पिणारे म्हणायचे, घरी रोज थोडीच परदेशी आणणार, आम्हाला हीच बरी. पण उंची लाल वाइनपाशी उभ्या असलेल्यांचं उत्तर वेगळं होतं. भेट द्यायची असेल, चार लोकांना दाखवायची असेल, तर फरक थोडासाच उरल्यावर ते बाहेरची घेणार होते. काहींनी ते जरा ओशाळून सांगितलं, पण सांगितलं.

शेवटी कंपनीच्या साहेबांना भेटले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून सांगितलं जात होतं. त्याच करारात वायनरीला लागणाऱ्या काही यंत्रांवरची ड्युटीही कमी होणार आहे ना, असं मी विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅडम, ते गावात कुणी विचारलं नाही."

आठ-दहा दिवस मी सगळं जुळवत बसले. चित्र हळूहळू स्पष्ट होत गेलं आणि मला बरं वाटायला लागलं. गावातल्या जवळजवळ सगळ्यांची द्राक्षं पांढरी, ती जातात साध्या बाटलीत, आणि त्या बाटलीला हा करार शिवतसुद्धा नव्हता. त्यांचा भाव उतरवायला काही कारणच नव्हतं. मग मी लाल द्राक्षांच्या ओळीवर आले. गावात लाल द्राक्षं मोजक्याच ठिकाणी होती, आणि कंपनीच्या सगळ्यात उंची बाटलीत जाणारी तर एकाच ठिकाणची. आमच्या टेकाडाच्या उतारावरची.

तो प्लॉट दादांचा जीव की प्राण. खडकाळ जमीन, पाणी वर चढवून न्यायचं, माल कमी पण असा की कंपनीचे लोक तोडणीच्या आधी स्वतः येऊन मणी चाखून जातात. फायदा-तोट्याच्या माझ्या तक्त्यात तोट्याच्या बाजूला पहिलं नाव माझ्याच घराचं होतं.

गावच्या पुढच्या सभेच्या दिवशी सकाळीच मी घरी पोचले. आई भाकरी थापत होती. माझा चेहरा बघून तिनं काय ते ओळखलं असावं, कारण ती म्हणाली की दादांना आधी सांगून टाक, मग सभेत बोल. मी बागेत गेले. दादा बांधावरच्या गवताला विळा लावत होते.

"दादा, सभेआधी तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी वर न बघता विळा थांबवला. "आपल्याबद्दल हाय का?"

"हो."

"मग नको सांगू. मला आधी कळलं तर लोक म्हणतील, बापाला इचारून लिहिलं. जे हाय ते समद्यांसमोर सांग. मीबी तिथंच ऐकीन."

मी उभीच राहिले. ते पुन्हा गवत कापायला लागले. मी परत आले तेव्हा आईनं माझ्यासमोर ताट ठेवलं. दोन घास कसेबसे खाल्ले.

मंडप या वेळी जास्त भरला होता. शेजारच्या गावचेही काही लोक आले होते. मी आधी काय आणि कसं मोजलं ते सांगितलं. नवं औषध बागेत मारताना आपण एक ओळ कोरी सोडतो, नाहीतर फरक औषधाचा की हवेचा ते कळत नाही. मीही तेच केलं होतं, करार झाला तर काय आणि झालाच नाही तर काय, अशा दोन ओळी शेजारी-शेजारी धरल्या होत्या. हे सांगितल्यावर माणसं जरा पुढे सरकून बसली. मग मी पांढऱ्या द्राक्षांचं सांगितलं. ड्युटी उतरली म्हणून यांचा भाव उतरावा असं काही दिसत नाही. उलट कंपनीची यंत्रं स्वस्त होतील, तेही बोलणीत धरायला हवं. पुढच्या वर्षांत काय होईल याची खात्री मी देत नाही, पण आज हे कारण पुढे करून कुणी भाव पाडत असेल तर ते मानू नका.

लोकांचे चेहरे उजळले. तात्यांनी मात्र विचारलं, "हे आम्हाला बरं वाटावं म्हणून तर नाय ना सांगत?"

मी उत्तर द्यायच्या आत दादांचा आवाज आला. एखाद्या परक्या बाईला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, लाल द्राक्षांचं काय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खांबाला टेकलेले, टोपी मांडीवर.

"लाल द्राक्षांना फटका बसेल," मी म्हटलं. "सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बसेल तो टेकाडावरच्या प्लॉटला. त्याची बाटली थेट परदेशी बाटलीशेजारी उभी राहते. कंपनीनं त्या द्राक्षांचं ॲग्रीमेंट लांब मुदतीचं करायला नकार दिला, तर त्यांचं म्हणणं मला चूक म्हणता येणार नाही."

तो प्लॉट कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. दादांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि उभे राहिले.

"ऐकलं का तात्या?" ते म्हणाले. "माझ्या पोरीनं माझंच वाईट सांगितलंय. मग तुमचं चांगलं सांगितलं तेबी खरंच असणार."

एवढं बोलून ते खाली बसले. शेवटचं जे बोलायचं ठरवलं होतं ते माझ्याकडून राहूनच गेलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तोवर साहेबांकडे कोण कोण जायचं यावर चर्चा सुरू झाली होती. निवेदनाचा विषय तात्यांनी स्वतःच बाजूला ठेवला.

साहेबांशी बोलणी दोन-तीनदा झाली. मी एकदाही गेले नाही, जायची गरज पडली नाही. पांढऱ्या द्राक्षांचा जुना भाव कायम राहिला. लाल द्राक्षांचा भावही कंपनीनं ठेवला, पण ॲग्रीमेंट एका वर्षाचं, पुढचं पुढे बघू. पुढच्या हंगामाआधी दादांनी टेकाडावरच्या निम्म्या वेलांवर पांढऱ्या जातीची कलमं बांधली. मला वाटलं होतं त्यांना ते जड जाईल. कलम बांधताना मी शेजारी उभी होते आणि काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर ते म्हणाले की वेलीचं खोड तेच राहतं, वरचं बदलतं, त्यात रडण्यासारखं काय. उरलेला निम्मा प्लॉट मात्र त्यांनी लालच ठेवला. परदेशी बाटलीशेजारी आपली बाटली उभी राहते की नाही, हे त्यांना बघायचंच होतं.

ती अजून उभी आहे. ड्युटी काही पायऱ्या उतरली, वरच्या फळीवर परदेशी बाटल्या वाढल्या, आणि टेकाडावरच्या लाल द्राक्षांचं ॲग्रीमेंट दरवर्षी नव्यानं होतं. माझा एक अंदाज मात्र चुकला. परदेशी बाटल्यांचे भाव मी म्हटलं होतं तितकेही उतरले नाहीत, मधल्या लोकांनी आपापला वाटा वाढवून घेतला. गावात गेले तेव्हा मी हे मंडपात सांगितलं. माझी चूक ऐकून तात्यांना फार आनंद झाला. त्यांनी चहा पाजला.

त्यानंतर मला अशी बोलावणी येऊ लागली. अलीकडेच नांदगावला कापसावरच्या आयात शुल्काबद्दल बोलायला गेले. शेतकरीही होते, व्यापारीही होते, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. दादा म्हणाले, मीबी येतो, लांबचा रस्ता हाय. सभागृहात ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले. आयोजकांपैकी एकानं अदबीनं विचारलं, "बाबा, आपण कोण?"

"मॅडमच्या अभ्यासात आमची बाग होती," दादा म्हणाले. "तोट्याच्या बाजूला."

मी माइकपाशी उभी होते, तिथपर्यंत ते ऐकू आलं. मी म्हटलं, "हे माझे वडील आहेत." सगळी डोकी मागे वळली. पहिल्या रांगेतल्या दोघांनी उठून जागा केली, आणि दादा नको नको म्हणत, टोपी सारखी करत, मधल्या वाटेनं पुढे आले.